ठोके बरोबर, मन लागेना

काशीत दूरवरून दोन प्रकारचे आजारी येतात. काही गोदौलियाजवळच्या मुक्तिभवनात उतरतात. तिथं उपचार नाहीत. भजन आहे, गंगाजल आहे, तुळशीचं पान आहे आणि राहण्याला साधारण पंधरवड्याची मुदत आहे. त्यांना इथं देह ठेवायचा असतो. बाकीचे तिथून चार-पाच किलोमीटरवर लंकेला जातात, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या फाटकाशी, आणि सर सुंदरलाल रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात. गाझीपूर, बलिया, जौनपूर, मिर्झापूर, पलीकडे बिहारातलं बक्सर, भभुआ, सासाराम: अख्ख्या पूर्वांचलातली छातीची कळ इथं येते. या लोकांना जगायचं असतं.

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला माणूस मात्र पुष्कळदा या दोन्हींच्या मधे अडकतो. स्टेंट बसलेला असतो, इको बरा आलेला असतो, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून घरी पाठवलेलं असतं. महिन्याभरानं तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागतो. विचारलं तर बनारसी बोलीतलं उत्तर ठरलेलं: ‘मन नाहीं लगत हौ.’ ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत हेच ‘आता कशात राम नाही’ असं होतं. ऐकणारे मान डोलावतात. एवढं मोठं दुखणं झालं, वय झालं, संसारातून मन निघालं. आणि गाव काशी! इथं मरणाच्या गोष्टी कुणी केल्या तर त्यात वावगं काय?

वावगं हे की त्यातल्या बऱ्याच जणांना विरक्ती आलेली नसते, नैराश्याचा आजार झालेला असतो. दोन्हींत फरक करणं वाटतं तितकं अवघड नाही. विरक्त माणूस वस्तूंवरची मालकी सोडतो, चव सोडत नाही. त्याला पहाटेचा घाट आवडतो, नातवंडाचं बोबडं बोलणं ऐकून हसू येतं, झोप लागते. नैराश्यातल्या माणसाला नातू मांडीवर बसला तरी ओझं वाटतं. तो पहाटे तीनला जागा होतो आणि उजाडेपर्यंत स्वतःला दोष देत राहतो: मी घरावर भार झालो, ऑपरेशनला एवढा पैसा घातला, वाचलो कशाला. वैराग्यात अपराधीपणा नसतो. तो दिसला की समजावं, प्रकरण अध्यात्माचं नाही, वैद्यकाचं आहे.

हे वैद्यकाचं आहे असं जुने वैद्यही मानत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 25व्या अध्यायात एक लांबलचक यादी आहे. कोणत्या कामात कोणती गोष्ट सर्वांत प्रभावी, याची. त्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला मान विषादाला दिलेला आहे. ज्या विद्यापीठात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक एकाच आवारात शिकवलं जातं, तिथल्या विद्यार्थ्यांना ही ओळख नवी नसावी. आकड्यांचा पुरावा मात्र यायला 1993 साल उजाडलं. माँट्रिअलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यानंतर रुग्णालयात असलेल्या 222 जणांची मानसिक तपासणी केली आणि सहा महिने त्यांचा माग ठेवला. साधारण सहापैकी एकाला तीव्र नैराश्य होतं. हृदयाची अवस्था आणि जुने झटके यांचा हिशेब वजा करूनही त्या गटात मृत्यूचा धोका बाकीच्यांच्या सुमारे चौपट निघाला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा इतका मोठा राहिला नाही, पण दिशा तीच राहिली. 2014 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटानं शिफारस केली की झटक्यानंतरच्या नैराश्याला धोक्याचा घटक म्हणून औपचारिक मान्यता द्यावी. सौम्य लक्षणं धरली तर झटका येऊन गेलेल्या दर तीन जणांत एकाची तरी अशी अवस्था असते.

मन खचल्यानं हृदय कसं बिघडतं? यातला अर्धा भाग कुणालाही दिसण्यासारखा आहे. मन मेलेला माणूस गोळ्या चुकवतो. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. म्हणजे उदासीतून थेट दुसरा झटका. असा माणूस चालायला जात नाही. सोडलेली सुरती तंबाखू तलफ आली म्हणून पुन्हा तळहातावर मळायला लागतो. उरलेला अर्धा भाग शरीराच्या आत आहे. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत, श्वासागणिक त्यांतलं अंतर किंचित कमी-जास्त होत राहतं; नैराश्यात ही लवचीकता घटते. ताणाची संप्रेरकं चढी राहतात, रक्तातल्या प्लेटलेट पटकन चिकटू पाहतात, दाह दाखवणारे घटक वाढतात. यातला कुठला धागा किती जबाबदार, यावर संशोधकांचं एकमत नाही.

म्हणून मग नैराश्याचा उपचार केला की हृदय वाचेल, असा सरळ हिशेब मांडला गेला. तो जमला नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत झटक्यानंतरच्या 2,481 रुग्णांवर ‘एनरिच्ड’ नावाची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना विचार-वर्तन पद्धतीची मानसोपचार सत्रं दिली, गरज असेल तिथं गोळ्याही. 2003 साली निकाल आला: उदासी कमी झाली, एकटेपणा थोडा कमी झाला, पण मृत्यू आणि दुसरे झटके दोन्ही गटांत सारखेच. त्यानंतर बऱ्याच हृदयतज्ज्ञांनी हा विषय बाजूला सारला. माझ्या मते ती चूक होती. गुडघ्याचं दुखणं बरं केल्यानं आयुष्य वाढतं का, असा प्रश्न अस्थितज्ज्ञाला कुणी विचारत नाही. माणूस पुन्हा जेवायला बसतो, झोपतो, बोलतो, एवढ्यासाठी उपचार करायला हवा. आयुष्य वाढलं तर तो वरचा लाभ. आणि कधीकधी तो लाभ मिळतोही, असं दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासानं सुचवलं. तिथं 300 रुग्णांना झटक्यानंतर 24 आठवडे एस्सिटॅलोप्रॅम किंवा नुसती साखरेसारखी गोळी दिली आणि आठ वर्षांहून अधिक काळ त्यांचा माग ठेवला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात मोठ्या हृदयघटना औषध घेतलेल्यांत 40.9 टक्के, न घेतलेल्यांत 53.6 टक्के होत्या. एका रुग्णालयातला एकच अभ्यास आहे. त्यावर किल्ले बांधू नयेत.

गोळ्यांची भीती इथं फार आहे आणि ती पूर्ण निराधार नाही. जुन्या पिढीतली अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं हृदयाच्या विद्युत्‌वहनात अडथळा आणतात, उभं राहताच रक्तदाब पाडतात. झटका येऊन गेलेल्यांना ती देऊ नयेत असंच धोरण आहे. पण ती स्वस्त आहेत, झोप आणतात, त्यामुळे गावाकडच्या चिठ्ठीवर अजून दिसतात. हृदयाचा रुग्ण असेल तर चिठ्ठीवरचं हे नाव डॉक्टरांना दाखवून विचारावं. नव्या गटातल्या सर्ट्रालिनची सुरक्षितता 2002 साली ‘सॅडहार्ट’ चाचणीत 369 रुग्णांवर तपासली गेली. हृदयाची पंपशक्ती, ठोक्यांची लय, कशालाच धक्का लागला नाही, आणि ज्यांचं नैराश्य तीव्र किंवा वारंवार येणारं होतं त्यांना गोळीचा ठळक उपयोग झाला. म्हणून हृदयरुग्णांत पहिली निवड बहुधा तीच असते. सिटॅलोप्रॅमबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2011 साली इशारा दिला. मोठ्या मात्रेत ते इसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवतं. साठी ओलांडलेल्यांना दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असं पुढच्या वर्षी स्पष्ट झालं.

नव्या गोळ्यांनाही सांभाळावं लागतं. ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना त्या रक्तस्रावाचा धोका थोडा वाढवतात. शौचाला काळी होत असेल तर लगेच सांगावं. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांत रक्तातलं सोडियम उतरून गोंधळल्यासारखं होऊ शकतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत एक रक्ततपासणी करतात. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या दोन गोळ्या मेटोप्रोलॉलचं शरीरातलं प्रमाण वाढवून नाडी फार मंद करू शकतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात, मळमळ सुरू असताना आणि फायदा दिसत नसताना, बहुतेक लोक गोळी टाकून देतात. ही गोळी व्यसन लावत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून ती हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलॅमसारखी झोपेची गोळी हा नैराश्याचा उपचार नाही. बनारसात आणखी एक घरगुती उपाय चालतो, भांगेचा. सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते, महादेवाचा प्रसाद म्हणून घेतली जाते. ती नाडी वाढवते, आणि नुकताच झटका येऊन गेलेल्या हृदयाला नेमकं तेच नको असतं. महादेव समजून घेतील.

दुसरी एक तक्रार उलट बाजूनं येते: ‘हृदयाच्या गोळ्यांनीच मन मारलं.’ बोट बहुधा बीटा-ब्लॉकरकडे असतं. पन्नासेक वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. 2002 आणि 2021 साली जुन्या चाचण्यांची एकत्र छाननी झाली तेव्हा नैराश्याचा आरोप टिकला नाही. विचित्र स्वप्नं आणि झोपेच्या तक्रारी मात्र खऱ्या निघाल्या. अमिओडॅरोनची गोष्ट वेगळी. ठोक्यांच्या लयीसाठी दिलेलं हे औषध थायरॉइड मंदावू शकतं, आणि मंद थायरॉइडचा चेहरा हुबेहूब नैराश्याचा असतो. म्हणून मनाचा उपचार सुरू करण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शाकाहारी माणसाचं बी-12 तपासून घेणारा डॉक्टर शहाणा समजावा.

हृदयाची पंपशक्तीच कमी झालेल्यांचं, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं, कोडं अजून सुटलेलं नाही. त्यांच्यावर सर्ट्रालिनची चाचणी झाली, 469 जणांवर. एस्सिटॅलोप्रॅमची जर्मनीत झाली, 372 जणांवर. दोन्हींत खऱ्या गोळीनं खोट्या गोळीहून अधिक काही साधलं नाही. याउलट अमेरिकेत 158 अशा रुग्णांना विचार-वर्तन पद्धतीचा मानसोपचार दिला तेव्हा उदासी कमी झाली. तेव्हा निदान या रुग्णांसाठी तरी ‘बोलून काय होतंय’ हा प्रश्न मागे घ्यावा लागतो.

पण बोलणार कोण? पूर्वांचलाच्या हृदयरोग ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि ती रक्तदाबात, चिठ्ठीत संपतात. मानसोपचाराचं नाव काढलं की लोकांना पांडेपूर आठवतं. तिथलं मनोरुग्णालय कंपनी सरकारच्या काळापासूनचं, आणि ‘पांडेपूर’ म्हणणं म्हणजे वेडा ठरवणं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जण उपचाराबाहेर आढळले, त्याचं कारण डॉक्टरांच्या तुटवड्याइतकंच हे नावही आहे.

याचं उत्तर शोधण्याचा सर्वांत चांगला प्रयत्न आपल्या शेजारी झाला, गोव्यात. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली ‘संगत’ ही संस्था सुरू केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवून सल्लागार करायचं, अशी त्यांची पद्धत. 2017 साली त्यांच्या एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांपैकी काहींना डॉक्टरांची नेहमीची मदत मिळाली, काहींना त्यासोबत या सल्लागारांची सहा ते आठ सत्रं. तीन महिन्यांनी सत्रं घेतलेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी 39 टक्के. हे खास हृदयाचे रुग्ण नव्हते. पण आणखी जवळचा एक दाखला आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या मधुमेह दवाखान्यांत नैराश्य असलेल्या 404 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांसाठी एक समन्वयक नेमला. तो साखर, रक्तदाब आणि मन तिन्हींचा माग ठेवी आणि ठरावीक दिवशी तज्ज्ञ डॉक्टर त्याच्या वहीतली प्रकरणं तपासून औषधं बदलायला सुचवत. दोन वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल 2020 साली आला. मन आणि शरीर दोन्ही नेहमीच्या उपचारापेक्षा चांगले सावरले होते.

गोव्याच्या सत्रांत खोल मनोविश्लेषण नव्हतं. मन लागत नाही म्हणून माणूस एकेक काम सोडतो, आणि कामं सुटली की मन आणखी लागेनासं होतं. सल्लागार ही साखळी उलटी फिरवतो: आधी काम, मग मन. सोडलेल्या गोष्टींची यादी करायची, त्यातली सगळ्यात लहान निवडायची, वार-वेळ ठरवून करायची, पुढच्या भेटीत ती झाली का विचारायचं.

बनारसात ही यादी कशी असेल याचा विचार करून पाहा. पहिली नोंद बहुधा गंगास्नान. चाळीस वर्षं पहाटे डुबकी मारणाऱ्याला झटक्यानंतर घरचे घाटावर जाऊ देत नाहीत. त्यांचंही खरं आहे. माघातलं गार पाणी रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं, छातीत कळ आणू शकतं. आणि घाटाच्या पायऱ्या उतरताना काही वाटत नाही, चढताना सगळा हिशेब चुकता होतो. पण सरसकट बंदीनं त्या माणसाचे मित्र, चहा, वाद, दर्शन हे सगळं एका झटक्यात जातं. मधला मार्ग निघतो. ऊन वर आल्यावर, खालपर्यंत न उतरता, वरच्या पायरीवर बसायचं, कुणी आणून दिलेलं लोटाभर पाणी अंगावर घ्यायचं, तासभर बोलून यायचं. किती पायऱ्या चढायच्या हे हृदयतज्ज्ञानं ट्रेडमिलच्या निकालावरून सांगावं. दोन मजले न थांबता, न दुखता चढता आले तर रोजची बरीचशी कामं हृदयाला झेपतात, असा त्यांचा जुना अडाखा आहे.

मदनपुऱ्यातल्या विणकराची यादी वेगळी. खड्ड्यातल्या मागावर बसून दिवसभर पाय-हात चालवायचं काम महिनाभर तरी बंद. उधारी वाढते, कारागिरी मुलाकडे जाते, आपण घरातले बसून खाणारे. त्याला गोळी देऊन ‘चिंता करू नका’ सांगणं म्हणजे चिंतेचं कारणच न ऐकणं. नक्षीचा कागद तपासणं, नव्या हातांना शिकवणं, मग अर्धा दिवस माग, असं काम पायरीपायरीनं परत मिळालं तर तोच त्याच्या उपचाराचा मोठा भाग. स्त्रियांच्या बाबतीत उलटी अडचण. त्यांना कुणी काम करू नको म्हणत नाही. रुग्णालयातून आल्या त्या संध्याकाळी चुलीपाशी. त्यांची उदासी ‘चिडचिड’ म्हणून ओळखली जाते आणि त्यांच्या यादीत पहिली नोंद विश्रांतीची हवी.

व्यायाम या यादीत कुठेही बसतो. अमेरिकेत 101 हृदयरुग्णांवर चार महिने झालेल्या चाचणीत देखरेखीखालचा व्यायाम आणि सर्ट्रालिन, दोन्हींनी उदासी साधारण सारखीच उतरवली. योगाचं काय? बनारस हिंदू विश्वविद्यालयात हा प्रश्न जुना आहे. तिथले शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा यांनी 1970 च्या दशकात आसनं-प्राणायाम करणाऱ्यांच्या रक्तातली ताणाची रसायनं मोजायला सुरुवात केली. आजच्या कसोटीला ते अभ्यास लहान वाटतील, पण योग प्रयोगशाळेत आणण्याचं धाडस तेव्हा फार थोड्यांनी केलं होतं. मोठी कसोटी नंतर लागली. ‘योगा-केअर’ चाचणीत देशातल्या 24 रुग्णालयांमधून झटका येऊन गेलेले 3,959 जण घेतले, निम्म्यांना बारा आठवडे योगाधारित पुनर्वसन दिलं. 2020 साली छापलेल्या निकालात मृत्यू आणि मोठ्या हृदयघटना यांत ठामपणे सांगता येईल असा फरक नव्हता. मात्र योग करणारे आपली प्रकृती बरी असल्याचं अधिक सांगत होते आणि झटक्याआधीच्या कामांकडे अधिक संख्येनं परतले होते.

या सगळ्याची सुरुवात दोन प्रश्नांनी होते, आणि ते घरातलं कुणीही विचारू शकतं. गेल्या दोन आठवड्यांत कामात, आवडीच्या गोष्टीत रस कमी झाला आहे का? उदास, निराश, हताश वाटतं का? जगभरच्या हृदयरोग विभागांत चाळणी म्हणून हेच वापरतात. उत्तर ‘बहुतेक दिवस’ असं आलं तर पुढे नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. 27 पैकी 10 किंवा अधिक गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. थकवा, भूक, झोप हे हृदयरोगानंही बिघडतात, म्हणून हृदयरुग्णात रस आणि अपराधीपणा यांच्या उत्तरांकडे अधिक लक्ष द्यायचं. घरी विचारताना प्रश्नावलीसारखं विचारू नये. ‘अप्पा, पेपर हल्ली तसाच घडी घातलेला दिसतो, वाचावासा वाटत नाही का?’ एवढं पुरतं, आणि मग गप्प बसून उत्तराची वाट पाहायची.

नऊपैकी शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो, आणि काशीत तो विचारताना जीभ अडखळते, कारण इथं मरणाची इच्छा हे पुण्य. तरी विचारायचं, सरळ शब्दांत: ‘स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात रुजत नाही. हो म्हणाले तर त्या रात्री एकटं ठेवू नये. हृदयाच्या गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घ्यावा, कारण त्या एकदम घेतल्या तर जीवघेण्या ठरतात. आणि 14416 वर फोन करावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालू आहे. हिंदीत बोलता येतं, मराठीतही.